अंगावरचा टाका

कडूमावशींचं नाव कडू का, हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून ही पोरगी जन्मल्यावर आईनं तिचं नाव कडू ठेवलं. "यमानं चाखलं आन् थुकलं. म्हनून मी हाये," म्हणायच्या. त्यांच्या माहेरी, पिशोरकडं, कडुबा आणि कडूबाई गल्लीत दोन-चार तरी सापडतात, तिकडं कुणाला त्याचं काही वाटत नाही. इथं शहरात मात्र बँकेतली पोरगी नाव लिहिताना पुन्हा विचारते, आणि मग मावशी मुद्दाम मोठ्यानं सांगतात, "कडू. कारल्यासारकं."

मी संघपाल. शाळेत खेळाचा मास्तर आहे. रविवारी सकाळी मी आणि माझ्यासारखे काही वेडे अंगावर लोखंड चढवतो आणि एकमेकांना बदडतो. युरोपात जुन्या काळी सरदार लोक घालायचे तशी चिलखतं, तसे टोप, बोथट केलेल्या तलवारी आणि कुऱ्हाडी. त्याला नियम आहेत, पंच आहेत, देशाचा संघसुद्धा आहे. माझी बायको रूपाली याला भांड्यांची मारामारी म्हणते. हौसेला मोल नाही, एवढंच मी तिला उत्तर देतो आणि दार ओढून निघतो.

आमचे टोप उत्तरेतून येतात. तिकडचे कारागीर परदेशातल्या हौशी लोकांसाठी जुन्या टोपांच्या हुबेहूब नकला घडवतात. लोखंड चांगलं जाड असतं, पण माप तिकडच्या डोक्यांचं. आपलं डोकं आत गेलं की पातेल्यात लिंबू. आत फोम चिकटवलेला असतो, त्याचा आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात भुगा होतो. आणि ढिला टोप म्हणजे टोप नसल्याहून वाईट. घाव बसला की आधी टोप फिरतो आणि मग आतल्या आत डोकं लोखंडावर आपटतं. म्हणजे समोरच्यानं एकदा मारलं, आणि स्वतःच्याच टोपानं दुसऱ्यांदा. लोखंड आणि कवटी यांच्यामध्ये सगळीकडं भरीव अस्तर हवं, ते दाबलं गेलं तरी चपटं होता कामा नये, आणि मान वळली की टोप तिच्याबरोबरच वळला पाहिजे. हे फोम चिकटवून जमत नाही. त्याला शिवणारा हात लागतो.

तो हात मला मुकुंदवाडीत सापडला. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला मी कडूमावशींकडं टाकली होती. आणायला गेलो आणि तो धावदोरा बघून तिथंच उभा राहिलो. इतका दाट आणि इतका सारखा की गोधडी उभी केली तर उभी राहील. पुढच्या रविवारी मी टोप घेऊन गेलो.

"हे कुनाचं भगुनं?" मावशींनी विचारलं.

मी समजावलं. त्यांनी आत हात घालून बघितलं, नखानं फोम उकरला, तोंड वाकडं केलं. मग म्हणाल्या, "याला कुंची लागंल." लहान लेकराला थंडीत घालतात ती कुंची: डोकं, कान आणि मान झाकणारी. तेव्हापासून आमच्या सगळ्या क्लबात टोपाच्या अस्तराला कुंची हाच शब्द आहे. दोन दोन मण वजनाच्या गप्पा मारणारी दांडगी पोरं एकमेकांना विचारतात, "कुंची वाळली का रे तुझी?"

मावशी कुंची शिवायच्या ती पालथ्या मडक्यावर. जुन्या सुती लुगड्याचे थर वर आणि खाली, मध्ये कापूस, आणि कापसाच्या पोटात घोंगडीचा तुकडा, कारण कापूस घामानं बसतो, लोकर बसत नाही. मडक्यावर आकार आला की माणसाच्या डोक्यावर घालून बघायची, वर टोप चढवायचा, डोळे फटीसमोर येतात का ते बघायचं, जिथं ढिलं तिथं खडूनं खूण करायची. मग पुन्हा सगळं काढून मडक्यावर. पहिला टोप क्लबाचा, सगळ्यांनी वापरायचा, त्याच्या मापाला साधारण डोकं हवं होतं आणि माझं डोकं म्हणे फार मोठं निघालं. मावशींनी आत हाक मारली, "शिवराज, ये रं, जरा डोस्कं दे."

असा तो टोप त्यांच्या पोराच्या डोक्यावर पहिल्यांदा चढला. चढवला त्यांनीच.

शिवराज तेव्हा वाळूजला एका कारखान्यात जायचा. शाळेपासून तलवारबाजी खेळलेला पोरगा, हात सुंदर, पण दरवेळी संघ निवडताना शेवटच्या यादीत राहून जायचा. मग वय निघून गेलं. टोप घालून तो कपाटाच्या आरशासमोर जो उभा राहिला तो हलेना. मावशी हसल्या, मी हसलो. रविवारी तो मैदानावर हजर. वर्ष दीड वर्षात त्याच्यासमोर उभं राहायला माझी सुद्धा छाती होईना, आणि मी त्याचा सर.

मावशींची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अंगावर घातलेल्या कपड्याला त्या टाका घालत नसत. एकदा निघायच्या घाईत माझ्या चिलखताखालच्या जाड कोटाचा बंद तुटला. मी म्हटलं, असाच घाला टाका, काढायला पाव तास जाईल. मावशींनी अंगणातल्या केरसुणीची एक काडी मोडून माझ्या पुढं धरली.

"दातात धरा."

"कशाला?"

"अंगावर फकस्त मढ्याला शिवत्यात. काडी धरली म्हंजी यमाला कळतं, हे जितं हाये."

मी म्हटलं, "मावशी, आमच्या घरात असलं काही मानत नाहीत."

"तुमच्यात नसंल, मास्तर. सुई माझी हाये."

धरली मी काडी. माझी आई असती तर तिनं मला तिथंच फटकावलं असतं, पण कडूमावशींशी वाद घालणं म्हणजे म्हशीला गाणं शिकवणं. आणि ही काडीसुद्धा नाइलाजाची. टोपाच्या कुंचीला, डोक्यावर असताना, त्यांनी काडी धरूनही कधी सुई लावली नाही. डोक्याची गोष्ट येगळी, म्हणायच्या.

आता मूळ गोष्ट. ती मला घडली तेव्हा माहीत नव्हती, नंतर कळली. पण तुमच्यापासून ती लपवून मला कोडी घालायची नाहीत, म्हणून आत्ताच सांगतो. देशाच्या संघाची निवड आपल्याच शहरात व्हायची ठरली होती. ती तोंडावर आली असताना शिवराज मला न सांगता काही मित्रांबरोबर पाचोडकडच्या एका शेतात सराव करायला गेला. पंच नाही, नियम नाहीत. स्वतःचा टोप मावशींकडं कुंची बदलायला होता, म्हणून कुणाचा तरी फोमवाला ढिला टोप डोक्यावर. मागून लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा घाव बसला. तो पडला, उठला, हसला, गाडी चालवत घरी आला आणि न्हाणीत ओकला.

दोन-तीन दिवस डोकं धरून झोपला. मग कामावर जायला लागला. मावशींना वाटलं, टळलं. आणि एक दिवस जेवताना त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "आई, ते दे."

"काय?"

"ते. पान्याचं."

तांब्या त्याच्या समोर होता. तो त्याच्याकडं बघत होता. नाव येत नव्हतं.

त्यानंतर मावशी ऐकायलाच लागल्या. लाटणं गेलं. किल्ली गेली. शेजारच्या संध्याचं नाव गेलं, जिच्याबरोबर तो लहानपणापासून भांडत आला होता. सकाळी विचारलेलं दुपारी पुन्हा विचारायचा. मावशी म्हणाल्या, डॉक्टरकडं चल. तो म्हणाला, निवड झाल्यावर. मावशी म्हणाल्या, मी मास्तरांना सांगते. तेव्हा त्यानं त्यांचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"कुनाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

ज्याला शपथ म्हणजे नुसते शब्द वाटतात त्याला यातलं काही कळायचं नाही. मलाही वाटतात. पण जिचं नावच यमाला फसवायला ठेवलं, तिच्यासाठी ती शपथ म्हणजे दारात उभा राहिलेला यमाचा माणूस होता. सांगावं तर शपथेनं जाणार, न सांगावं तर घावानं जाणार. इकडं आड, तिकडं विहीर. त्यांनी देवगाव रंगारीला नवऱ्याला फोन केला. सर्जेराव तिथं शेती बघतात. त्यांनाही सांगता येईना. नुसतं म्हणाल्या, "तुमी या." ते म्हणाले, कांदा निघाला की येतो. झालं.

मग त्या बाईनं तिच्या हातात जे होतं ते धरलं. सुई.

मला फक्त एवढं दिसत होतं की मावशी शिवराजच्या टोपाचं काम संपवतच नाहीत. कुंची आणायच्या, मी बघायचो, ठीक आहे म्हणायचो. पुन्हा घेऊन जायच्या, एक थर वाढवून आणायच्या. मग आणखी एक. शेवटी एकदा शिवराजच्या डोक्यावर टोप चढेना, चढला तर डोळे फटीच्या खाली. मी वैतागलो.

"मावशी, गादी शिवताय का? टोप वर उचलला गेलाय. मानेवर सगळा भार येईल."

"मान राहू द्या. डोक्याचं सांगा."

"डोक्याला आहे तेवढं पुष्कळ आहे."

त्या जमिनीवर बसल्या. टोप मांडीवर घेतला. आत हात फिरवत राहिल्या, तेल लावतात तसा.

"मास्तर, किती थर घातल्यावर डोस्क्याला कळनारच नाय?"

मी शिक्षक माणूस. खरं ते सांगायची खोड. म्हटलं, "असं कधीच होत नाही, मावशी. लोखंड घाव अडवतं, कुंची भार घेते. पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. किती का भरा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी फार घाण बोललोय. मग म्हणाल्या, "दुसरं कुनाला धाडा की ह्या खेपंला. तुमच्याकडं लई पोरं हायेत."

"त्याच्यासारखा एक नाही," मी म्हटलं, आणि मला वाटलं मी आईचं मन खूश केलं.

त्या आठवड्यात त्या पार वाळल्या. गोधड्यांची कामं तशीच पडून होती, लोक येऊन ओरडून जात होते. श्रेया म्हणून आमच्याकडं लढणारी एक मुलगी आहे, ती तिची कुंची आणायला गेली तर मावशींनी तिला दारातच विचारलं, "लागलं व्हतं का गं तुला कधी डोस्क्याला? मंग काय केलं? आपोआप ऱ्हातं का?" श्रेयानं मला येऊन सांगितलं, मावशी फार काळजी करतात. मी म्हटलं, आई आहे, करणारच. ठोंब्यासारखं.

निवडीच्या आदल्या दिवशी मी शेवटचं माप बघायला गेलो. जादा थर काढलेली कुंची इतकी सुंदर बसली होती की मी टोपाचं नाक धरून गदागदा हलवलं तर आख्खा शिवराज हलला, टोप आत जरा सुद्धा फिरला नाही. मी खूश.

"मावशी, आता याच्यावर हत्ती बसला तरी..."

"गप ऱ्हावा!" त्या अशा ओरडल्या की शिवराजसुद्धा दचकला.

निवडीच्या दिवशी सकाळी मैदानावर मी टोप तपासायला बसलो होतो. पंच म्हणून माझं ते काम. राज्याराज्यांतून पोरं आलेली, ढोल लावलेला, ऊन चढत चाललेलं. शिवराज रांगेत आला तो पूर्ण चढवून आला होता: चिलखत, हातमोजे, टोप, हनुवटीचा पट्टा आवळलेला. मागं मावशी, हातात तांब्या आणि पिशवी. मी टोप धरून हलवला आणि तो फिरला. मान जागेवर, टोप बाजूला.

मागून बघितलं. कुंचीची मानेकडची शिवण उसवलेली होती, चांगली चार बोटं. दोऱ्याची टोकं सरळ होती. तुटलेला दोरा पिंजारतो, हा कापलेला होता. मी ते बघितलं. पण आई पोराच्या टोपाची शिवण कशाला कापेल? मला वाटलं, पुन्हा घट्ट करायला उसवली असेल आणि राहून गेली असेल.

मावशी माझ्याकडं बघत होत्या. आयुष्यात कुणी माझ्याकडं तसं बघितलं नव्हतं. आता कळतं, मी "बाद" म्हणायची त्या वाट बघत होत्या. बोलायला बंदी होती, कात्रीला नव्हती. तेवढी एकच वाट त्यांनी शोधून काढली होती.

पण नियम आहे, दुरुस्तीला एक संधी द्यायची. आणि मी तर उपकार करायच्या भरात.

"अरे, शिवणारीच सोबत आहे तुझी!" मी म्हटलं. "मावशी, घाला चार टाके पटकन. तोवर पुढचा बघतो."

मावशींचा चेहरा असा उतरला की मला वाटलं ऊन लागलं. शिवराज बाकावर टेकला. "अशीच शिव गं आई. काढत बसलो तर नंबर जाईल."

त्या उभ्याच. मी म्हटलं, आता काडी शोधतील, किंवा नाही म्हणतील, टोप काढायला लावतील. त्यांनी पिशवीतून सुई काढली. दोरा ओवला. त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडं बघितलं आणि बघतच पहिला टाका घातला.

मला हसू आलं. "मावशी! काडी कुठंय?"

त्यांनी दुसरा टाका ओढला. सावकाश.

"काडी जित्याला," त्या म्हणाल्या.

ढोल वाजतच होता. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मावशी तिसरा टाका घालत होत्या. त्यांच्या गालावरून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला त्या हात थांबवत नव्हत्या. ही बाई माझ्या कोटाच्या बंदाला काडीशिवाय हात लावत नव्हती. आणि पोटच्या पोराच्या डोक्यावर, जिथं काडी धरूनसुद्धा शिवत नाहीत तिथं, ती मला दाखवून दाखवून टाके घालत होती.

मी उठलो.

"मावशी, काय झालंय?"

त्यांनी ओठ मिटून घेतले.

"शिवराज, काय झालंय?"

"काय नाय, सर. तुम्ही तपासा ना."

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. टोपाच्या फटीतून त्याचे डोळे दिसत होते. पोरांना डोक्याला मार लागला की आम्ही पंच लोक साधे साधे प्रश्न विचारतो. मी विचारलं, आज वार कोणता? त्यानं बरोबर सांगितलं. आपण कुठं आहोत? बरोबर. मी जरा सावरलो. मग मावशींकडं बघितलं, तर त्या मान हलवत नव्हत्या, काही सुचवत नव्हत्या, फक्त माझ्या छातीकडं बघत होत्या. माझ्या गळ्यात शिट्टी होती. मी ती उचलून त्याच्यापुढं धरली.

"हे काय?"

"सर, चेष्टा नका करू."

"नाव सांग."

"ते... फुंकायचं."

"नाव, शिवराज."

आतून नुसता श्वास ऐकू येत होता. पोरगं शोधत होतं. लहान मूल अंधारात चाचपडतं तसं शोधत होतं, आणि सापडत नव्हतं. दर रविवारी ती शिट्टी ऐकून धावलेला पोरगा. माझेच डोळे भरून आले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "उतरव बाळा. तू बाद."

तो उठला तोच उसळून. टोप काढायला गेला तर शिवण अडली, कुंची मानेला आवळली होती. मी मावशींच्या पिशवीतली कात्री घेऊन टाके कापले. तोंड मोकळं झाल्याबरोबर तो आईवर ओरडला.

"सांगितलंस तू! शपथ घातली होती ना तुला! माझं मेलेलं तोंड बघायचं होतं का?"

"मी तोंड उघडलं नाय," मावशी म्हणाल्या.

"सर, हिचं काय ऐकता! येडी बाई आहे ही!"

लोक जमले. त्यानं हातमोजे काढून फेकले, एक मावशींच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला आणि पदरानं पुसत बसल्या. मी निवड सोडली, त्याला गाडीत कोंबलं. वाटेत तो आईकडं पाठ करून बसला.

डॉक्टरांनी मशीनमधून फोटो काढले. कवटीच्या आत जुनं रक्त साकळलेलं होतं, पातळ थर. कापायची गरज नव्हती, औषधं देऊन लक्ष ठेवायचं होतं. बाहेर येऊन डॉक्टर मला म्हणाले की आज तिथं घाव बसला असता तर हा पोरगा इथपर्यंत आला नसता. आणि मावशींना सांगितलं, "शब्द हळूहळू येतील, काही कदाचित येणार नाहीत. त्याची घाई नको. पण नवीन गोष्टी विसरायला लागला, कालचं आज आठवेना झालं, तर एक मिनिट थांबू नका. आत रक्त वाढतंय असं समजा आणि घेऊन या."

मावशींनी ते तसंच्या तसं मनात टाचून घेतलं.

शिवराज घरी आला आणि आईशी बोलणं बंद. सर्जेराव कांदा टाकून धावत आले, त्यांच्याशी बोलायचा. माझ्याशी सुद्धा दोन शब्द बोलला. आईशी नाही. ताट पुढं आलं की जेवायचा, पाणी हवं तर संध्याला हाक मारायचा, आणि हाक मारताना नाव बरोबर घ्यायचा. मावशी रविवारी मैदानावर यायच्या, कुंच्या गोळा करायच्या आणि मला सांगायच्या, "आज बी बोलला नाय, मास्तर."

सांगताना हसायच्या. मला राग यायचा. त्या पोराचा, आणि या बाईचाही. मी एकदा बोललोच, "मावशी, एवढं काय सोसायचं? मी येतो आणि कान धरतो त्याचा."

"नका, नका," त्या घाबरून म्हणाल्या. "रागावलाय तो. काल रागावलेला व्हता, आज बी हाये. सकाळी उठल्या उठल्या माझ्याकडं बघितलं आन् तोंड फिरवलं. ध्यानात ऱ्हातंय त्याच्या, मास्तर! रातीतून पुसलं जात नाय."

एवढ्या आनंदानं कुणी कुणाचा राग जपताना मी पाहिलं नाही. जो शब्द विसरेल तो विसरू दे, पण राग रोज सकाळी जागेवर आहे ना, हे त्या चहा टाकायच्या आधी बघायच्या. तसा तो राहिला. बरेच दिवस राहिला. शिवराजचं डोकं दुखायचं थांबलं. सर्जेराव शेतावर परत गेले. मलाही वाटायला लागलं की संकट गेलं.

परवा मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की फाटकाशी एक बाई उभी आहे. मावशी होत्या. मुकुंदवाडीहून चालत आल्या असाव्यात, अंग घामानं थबथबलेलं, पायात चप्पल नाही.

"बोलला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आई, जेवलीस का गं, म्हनला. हसून. मी भाकर थापीत व्हते. म्हनला, ताजी भाकर लई दिवसानं खातोय, दे एक. रोजच खातो की, मास्तर. रोज तोंड फिरवून खातो, पर खातो."

मला आधी आनंद झाला. माझा हात त्यांच्या खांद्यावर गेला सुद्धा. मग त्यांचे डोळे बघितले.

"मास्तर, त्यानं माफ केलं का तो इसरला?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही त्याला?"

"कसं इचारू? इचारलं, बाळा, राग गेला का, आन् त्यानं म्हनलं, कशाचा राग... तर?"

मुलं मैदानावर ओरडत होती. मी आत जाऊन कुणाला न विचारता माझ्या मोटरसायकलची किल्ली घेतली. त्या मागं बसल्या, माझा शर्ट मुठीत धरला. मुकुंदवाडी तिथून फार लांब नाही. चौक ओलांडला, त्यांची गल्ली दिसायला लागली, मी गाडी जोरात सोडली, तशी मागून त्यांची मूठ आवळली गेली.

"सावकाश, मास्तर," त्या म्हणत होत्या. "हात जोडते. जरा सावकाश चालवा."